पगाराचा रकाना

निधी मागणारा प्रस्ताव कितीही मन लावून लिहिलेला असू दे, देणगी देणारा माणूस आधी शेवटचं पान उघडतो. तिथे खर्चाचा तक्ता असतो. वरच्या पानांवर मुलांची परिस्थिती, गावांची नावं, कामामागचा विचार असं सगळं असतं, पण निर्णय बहुतेक वेळा त्या तक्त्यावरच होतो. आणि तक्ता वाचता वाचता बोट एका ठरलेल्या ओळीवर थांबतं. ‘कार्यकर्ते ५, दरमहा १४,०००, १२ महिने.’ मग विचारणा होते, “मॅडम, यात पगारच फार दिसतोय. पुस्तकं, बेंच, टॅब असं काही धरता येणार नाही का?”

शाळेतल्या आणि शाळेबाहेरच्या मुलांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थांची निम्मी लढाई या एका ओळीसाठी असते. वस्तूंना पैसे मिळतात. वस्तूवर नावाची पट्टी लावता येते, फोटो काढता येतो, बिल एका कागदावर मावतं. पण तिसरीतल्या मुलाला जोडाक्षरावर अडखळताना थांबवून, त्याच्याबरोबर तेच वाक्य चार वेळा वाचणारी ताई कुठल्या बिलात बसवायची? शिक्षणात खर्च होतो तो मुख्यतः माणसाच्या वेळेवर. हे देणाऱ्याला पटवून देता आलं की प्रस्ताव उभा राहतो. ते टाळून, सोपं म्हणून वस्तूंचा प्रस्ताव केला, तर पैसे मिळतात आणि कार्यक्रम मात्र होत नाही.

इथे एक शब्द आधी सोडवून घ्यायला हवा. आपल्याकडे ‘शाळेला अनुदान’ म्हटलं की शिक्षकांचे पगारच डोळ्यांसमोर येतात. विनाअनुदानित, २० टक्के, ४० टक्के, शंभर टक्के असे टप्पे, मूल्यांकनाच्या याद्या आणि शिक्षकांची वर्षानुवर्षांची आंदोलनं. तो शासनाचा वेगळा आणि फार मोठा विषय आहे. इथे बोलायचंय ते कार्यक्रमासाठी मिळणाऱ्या निधीबद्दल, म्हणजे वाचनवर्ग, फिरतं ग्रंथालय, विज्ञानपेटी, शाळा सोडलेल्या मुलामुलींचे अभ्यासवर्ग यांसाठी कंपन्या, ट्रस्ट आणि व्यक्ती देतात त्या पैशांबद्दल.

देणगीला अटी असतात, ही तक्रार नवी नाही. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला आपल्या आईचं, नाथीबाईंचं नाव देण्याची अट घातली. कर्व्यांनी ती मान्य केली आणि काम वाढलं. दुसऱ्या टोकाला भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड होता. घरोघरी दळणकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते वसतिगृहातल्या मुलांसाठी द्यायचं. मोठी देणगी इमारत उभी करते, पण रोज संध्याकाळी शिजणाऱ्या भाताला मोठा दाता सहसा मिळत नाही. तो भात मुठीमुठीनेच जमवावा लागतो. आजच्या संस्थेनेही हे दोन झरे वेगळे ओळखावेत. गावातल्या आणि शहरात गेलेल्या शंभर माजी विद्यार्थ्यांनी दरमहा २०० रुपये दिले तर महिन्याला २० हजार होतात. कंपनीचा हप्ता लांबला तरी तेवढ्या पैशांत एका कार्यकर्त्याचा पगार थांबत नाही. ज्या संस्थेकडे अशी छोटी धार चालू असते तिला मोठ्या देणगीदारासमोर बोलायलाही बळ येतं.

आता कागद. हा भाग रुक्ष वाटतो, पण प्रस्ताव सर्वाधिक इथेच अडकतात आणि अडकल्याचं कुणी कळवतही नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक शिक्षणसंस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर विश्वस्तांची नावं असतात. एखादे विश्वस्त वारले, कुणी राजीनामा दिला, नवं मंडळ निवडून आलं, की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात तो, द्यावा लागतो. तो राहून जातो. किंवा दिलेला असतो पण मंजूर होत नाही, कारण सभेची नोटीस वेळेत गेल्याचा पुरावा जोडलेला नसतो, नाहीतर एका सदस्याची हरकत पडून असते. मग कंपनीच्या हाती उतारा जातो त्यावर दहा वर्षांपूर्वी गेलेल्या अध्यक्षांचं नाव, आणि प्रस्तावावर सही दुसऱ्याचीच. छाननी करणाऱ्याला त्या गावाचा इतिहास ठाऊक नसतो. त्याच्या दृष्टीने सही करणाऱ्याला अधिकार नाही, विषय संपला. बदल अर्ज प्रलंबित असेल तर तो दाखल केल्याची पोच, सभेचा ठराव आणि एका पानाचं स्पष्टीकरण पहिल्याच दिवशी सोबत द्यावं. विचारल्यावर दिलेलं स्पष्टीकरण सारवासारव वाटते, आधी दिलेलं नीटनेटकेपणा.

दुसरी अडचण आणखी बारीक, स्पेलिंगची. नोंदणी दाखला मराठीत असतो. पॅन कार्ड, बँक खातं, संस्थांच्या नोंदणीचं नीती आयोगाचं दर्पण पोर्टल आणि आयकराचे दाखले मात्र इंग्रजीत. ‘शिक्षण’ लिहिताना एका कागदावर दोन ‘एच’ असतात, दुसऱ्यावर एकच. ‘मंडळ’च्या शेवटी कुठे ‘एल’ एक, कुठे दोन. एका ठिकाणी गावाचं नाव संस्थेच्या नावात धरलेलं, दुसऱ्या ठिकाणी गळलेलं. माणसाला ते एकच दिसतं, पोर्टलला दोन संस्था दिसतात, आणि पडताळणी फसते. सगळे इंग्रजी कागद एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर ताडून पाहायला अर्धा तास लागतो. पॅनवर जे स्पेलिंग आहे ते प्रमाण मानावं आणि बाकीचे सगळे त्याला जुळवून घ्यावेत, हा सरळ मार्ग.

आयकराच्या दोन नोंदण्या लागतात. एक संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरच्या सवलतीची, जिला बोलताना अजूनही ‘बारा-ए’ म्हणतात, आणि दुसरी देणगीदाराच्या सवलतीची, ‘ऐंशी-जी’. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते, नंतर नियमित. या नोंदण्या आता कायमच्या नाहीत. मुदत संपायच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा असतो, आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवण्यासारखी आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले. म्हणून सीएंशी बोलताना क्रमांकाऐवजी काम सांगावं: देणगीदाराच्या सवलतीची नोंदणी कधी संपते, तिचं नूतनीकरण कधी. आणि २,००० रुपयांच्या वरची देणगी रोखीने घेतली तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, हे पावतीपुस्तक धरणाऱ्या प्रत्येकाला पाठ असावं. गावात वर्गणी गोळा करताना हे हमखास विसरलं जातं आणि मार्चनंतर देणाऱ्याचा फोन येतो.

कंपनीकडून पैसे घ्यायचे तर १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा फॉर्म (सीएसआर म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च) भरून क्रमांक घ्यावा लागतो. शिवाय तशाच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. त्यामुळे अगदी नव्या संस्थेने थेट कंपनीच्या दारात उभं राहण्यापेक्षा तीन वर्षं व्यक्तिगत देणग्यांवर छोटं काम करावं, प्रत्येक वर्षाचा ताळेबंद लेखापरीक्षणासह करून ठेवावा आणि मग जावं. ही तीन वर्षं वाया जात नाहीत. काम कुठे फसतं ते याच काळात कळतं.

जायचं कुणाकडे? वर्तमानपत्रात ज्यांची नावं दिसतात त्या मोठ्या कंपन्यांकडे सगळेच जातात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने आखलेली रेषा अशी: निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक पार केलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. सरासरी ५ कोटी नफ्याच्या कंपनीचं हे देणं १० लाख होतं. एमआयडीसीतले अनेक कारखाने या मापाचे असतात. ज्यांची रक्कम वर्षाला ५० लाखांपर्यंत असते त्यांना वेगळी सीएसआर समिती नेमण्याचीही सक्ती नाही, संचालक मंडळच ठरवतं. म्हणजे प्रत्यक्षात तीन-चार माणसं, बहुधा एकाच घरातली. त्यांच्याकडे पन्नास पानांचं सादरीकरण चालत नाही. दोन पानांचं पत्र, एक तक्ता आणि शाळेला भेट देण्याचं आमंत्रण पुरतं. शिवाय कायद्यानेच कारखान्याच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगितलंय. कारखान्याच्या फाटकापासून शाळा किती किलोमीटरवर आहे, हे पत्राच्या पहिल्या परिच्छेदात लिहावं. त्या शाळेत कारखान्यातल्या कामगारांची मुलं शिकत असतील तर तेही लिहावं, पण जपून. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही, म्हणून कार्यक्रम सगळ्या मुलांसाठी आहे हे तिथेच स्पष्ट हवं.

मोठ्या कंपनीकडे जायचंच असेल तर आधी तिचा वार्षिक अहवाल उघडावा. संचालकांच्या अहवालाला सीएसआरचं परिशिष्ट जोडलेलं असतं. कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या कामाला, किती रुपये, कुठल्या संस्थेमार्फत, हे बहुतेक वेळा तिथे छापलेलं सापडतं. दोन-तीन वर्षांची परिशिष्टं शेजारी ठेवली की चित्र दिसतं. ही कंपनी सलग तीन वर्षं पाण्यावरच खर्च करते, ती दरवर्षी शिष्यवृत्त्याच देते, तिसरी आपल्या जिल्ह्यात येतच नाही. केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवर जिल्हावार आकडेही मिळतात. एक दिवस असा वाचण्यात घालवला तर साठ पत्रांची सहा होतात, आणि त्या सहांना उत्तर येण्याची शक्यता खूप वाढते. एकच मसुदा नाव बदलून साठ ठिकाणी पाठवण्याची सवय मात्र सोडायला हवी. दुसऱ्याच कंपनीचं नाव मधल्या एका वाक्यात राहून गेलेलं पत्र वाचणाऱ्याच्या मनात कायमचं राहतं.

वेळेचंही गणित आहे आणि ते थेट पगाराच्या ओळीशी जोडलेलं आहे. कंपन्या पुढच्या वर्षाचा कृती आराखडा साधारण आर्थिक वर्षाच्या तोंडावर मंजूर करतात, म्हणून पत्र जानेवारीतच पोचलेलं बरं. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये दुसरी खिडकी उघडते, तेव्हा कुठला तरी प्रकल्प रेंगाळलेला असतो आणि त्याचे पैसे वळवायचे असतात. तिसरी खिडकी मार्चची. फेब्रुवारीच्या शेवटी अचानक फोन येतो, “३१ मार्चच्या आत खर्च दाखवता येईल का?” पाच आठवड्यांत माणूस नेमून त्याला शिकवता येत नाही, संगणक मात्र विकत घेता येतात. आपल्या शाळांमध्ये सीलबंद खोक्यांतून पडून राहिलेलं बरंचसं सामान या पाच आठवड्यांतलं असतं.

यावर कायद्यातच वाट आहे आणि ती छोट्या संस्थांना फार कमी माहीत असते. २०२१ च्या नियमांनुसार कंपनीच्या संचालक मंडळाने एखादं काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलं, तर ते सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालवता येतं. उरलेले पैसे वर्ष संपल्यावर ३० दिवसांच्या आत एका स्वतंत्र खात्यात टाकून पुढे वापरता येतात. चालू प्रकल्प नसेल तर न खर्चलेली रक्कम सहा महिन्यांत सरकारने ठरवलेल्या निधीत भरावी लागते, म्हणून तर ती घाई. तेव्हा पत्रातच स्पष्ट मागावं: हा तीन वर्षांचा चालू प्रकल्प म्हणून मंजूर करावा. माणसं नेमायची असतील तर हे एक वाक्य पुढच्या दहा पानांहून मोलाचं आहे. नाहीतर एप्रिल ते जूनमध्ये करार होत नाही, हप्ता ऑगस्टमध्ये येतो आणि शाळा सुरू होऊन दोन महिने उलटलेले असतात.

आणखी एक गैरसमज पगाराच्याच मुळावर येतो. “आम्हाला प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही,” असं कंपनीची माणसं पूर्ण विश्वासाने सांगतात. नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चासाठी आहे. काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती लागू नाही, आणि मंत्रालयाने २०२१ च्या परिपत्रकात याचा खुलासाही केलाय. हे वाद न घालता, त्या परिपत्रकाची प्रत जोडून सांगावं. शिवाय शिकवणाऱ्या ताईचा पगार प्रशासकीय खर्च नाहीच. तो कार्यक्रमाचा खर्च आहे. तक्त्यात त्याला ‘पगार’ या शीर्षाखाली टाकलं तर तो कापला जातो. ‘वाचनवर्ग घेणे: ५ कार्यकर्ते, १० शाळा, ६०० मुलं’ असं लिहिलं की तोच खर्च काम म्हणून दिसतो. ही शब्दांची चलाखी नाही, वस्तुस्थितीच तशी आहे.

तक्ता एकदा जवळून पाहू. समजा एका तालुक्यातल्या १० जिल्हा परिषद शाळांत तिसरी ते पाचवीच्या ६०० मुलांसाठी वर्षभराचा वाचनवर्ग चालवायचा आहे. पाच कार्यकर्ते, प्रत्येकाकडे दोन शाळा, महिना १४,००० प्रमाणे ८,४०,०००. एक समन्वयक, महिना २४,००० प्रमाणे २,८८,०००. प्रवास: कार्यकर्त्यांना महिना २,००० आणि समन्वयकाला ३,५००, मिळून १,६२,०००. प्रत्येक शाळेला ३०० पुस्तकं, सरासरी ६० रुपये, म्हणजे १,८०,०००. पुस्तकांसाठी १० पत्र्याच्या पेट्या आणि मांडणी, ६०,०००. आठ दिवसांचं प्रशिक्षण, जेवण-प्रवास आणि प्रशिक्षकाचं मानधन धरून ४८,०००. सुरुवातीची आणि शेवटची चाचणी ३०,०००. हिशेबनीस, लेखापरीक्षण, कार्यालयाचं भाडं आणि फोन यांतला या कार्यक्रमाचा वाटा १,३२,०००. एकूण १७,४०,०००.

आता भागाकार. प्रत्येक मुलामागे वर्षाला २,९०० रुपये. शाळेचे २२० दिवस धरले तर दिवसाला साधारण १३ रुपये. हा आकडा तक्त्याच्या खाली ठळक लिहावा, कारण आत संचालकांपुढे बोलणारा माणूस तोच घेऊन जाणार असतो. एकूण खर्चात कार्यकर्ते आणि समन्वयक मिळून जवळपास ६५ टक्के आहेत. लपवायचं कशाला? उलट त्याच्या शेजारी दुसरं गणित मांडावं. १० शाळांना प्रत्येकी १० टॅब, १२,००० रुपयांचा एक, म्हणजे १२ लाख. त्यात चार्जिंगची सोय नाही, दुरुस्ती नाही, आणि दुपारी ते टॅब मुलांच्या हातात देऊन शेजारी बसणारं कुणी नाही. दोन्ही आकडे समोर ठेवले की बोलणं वेगळं होतं.

तक्त्यात दोन गोष्टी नेहमी राहतात. एक म्हणजे रजा आणि बदली. पाचपैकी एक कार्यकर्ती वर्षात सोडून जातेच, लग्न होतं, पोलीस भरती निघते, अंगणवाडीत जागा मिळते. नव्या माणसाच्या प्रशिक्षणाचे पैसे कुठून आणायचे? म्हणून प्रशिक्षणात दोन जागा जास्तीच्या धराव्यात आणि त्या का धरल्या ते तिथेच एका ओळीत लिहावं. दुसरी म्हणजे जीएसटी. छापील पुस्तकांवर तो नाही, पण मांडणीवर आहे, आणि कोटेशनमध्ये ‘कर वेगळा’ असं बारीक अक्षरात असतं. ‘किरकोळ खर्च’ ही ओळ मात्र घालूच नये. ती घातली की बाकीच्या ओळींवरचा विश्वासही उणावतो.

वरच्या उदाहरणात वर्षाला १० लाखच देऊ शकणाऱ्या कंपनीकडे १७ लाखांची मागणी घेऊन जाण्यात अर्थ नाही. तेव्हा शाळा वाटाव्यात, पाच शाळा एका दात्याच्या, पाच दुसऱ्याच्या. समन्वयकाचा पगार दोघांत निम्मा-निम्मा. हे दोघांनाही लेखी कळवावं आणि प्रत्येक व्हाउचरवर ‘या प्रकल्पाकडून इतके, त्या प्रकल्पाकडून इतके’ असा शिक्का मारून ठेवावा. एकच बिल दोन दात्यांना पूर्ण दाखवणं ही फसवणूकच, मग ती अनवधानाने झालेली का असेना. एकदा सापडली की तालुक्यातल्या इतर संस्थांकडेही त्याच नजरेने पाहिलं जातं.

परिणाम काय दाखवणार, या प्रश्नाला ‘मुलांचा सर्वांगीण विकास’ असं उत्तर देऊ नये. वाचनासाठी २००५ पासून ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या ‘असर’ या पाहणीत वापरली जाणारी साधी चाचणी आपल्याकडे रुळलेली आहे: मूल अक्षर वाचतं का, शब्द वाचतं का, परिच्छेद वाचतं का, दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचतं का. प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून पाच मिनिटांत होते. जूनच्या शेवटी एकदा आणि मार्चमध्ये एकदा घ्यावी, आणि मुलांची नावनिशीवार यादी संस्थेकडे ठेवून दात्याला फक्त संख्या द्याव्यात. ‘१०० टक्के मुलं वाचू लागतील’ असं लिहिण्याचा मोह होतो. ऊसतोडीला गेलेल्या घरांची मुलं दिवाळीनंतर शाळेत नसतात आणि उन्हाळ्यात परततात, हे माहीत असताना तसं लिहिणं बरोबर नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांची संख्या वेगळी दाखवावी, त्यांच्यासाठी काय करणार ते वेगळं लिहावं. असं खरं लिहिलेलं पान जाणता दाता लगेच ओळखतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत काम करायचं तर मुख्याध्यापकांचा होकार पुरत नाही. प्राथमिक विभागाच्या शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र लागतं, गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि केंद्रप्रमुखांना त्याची प्रत द्यावी लागते, आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्यावा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेचा विकास आराखडा करण्याचं काम शिक्षणहक्क कायद्याने त्यांच्याकडेच दिलेलं आहे. त्या आराखड्यात वाचनवर्गाची नोंद असली तर आपला प्रस्ताव बाहेरून आलेला राहत नाही, गावाने मागितलेला होतो. खोली बांधून द्यायला निघालेल्या दात्याला आधीच सांगावं की जागा जिल्हा परिषदेची आहे, जुनी खोली पाडायची तर निर्लेखनाची, म्हणजे ती सरकारी नोंदीतून काढून टाकण्याची मंजुरी लागेल, बांधकाम विभागाची तांत्रिक मान्यता लागेल. हे सगळं एका आर्थिक वर्षात बसेलच असं नाही. खोलीचे पैसे परत गेल्याची खंत गावाला अनेक वर्षं राहते.

सरकारी पैशांपैकी शाळेच्या हातात थेट येणारी रक्कम लहान असते. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. वीजबिल, खडू, नळाची दुरुस्ती यातच ते संपतं आणि बऱ्याचदा वर्षाच्या शेवटी हाती पडतं. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचे पैसे असतात, पण काम गावाच्या विकास आराखड्यात असावं लागतं आणि तो आराखडा २ ऑक्टोबरच्या पुढच्या ग्रामसभांत ठरतो. शाळेचं शौचालय, पाण्याची टाकी, वीजजोडणी इथून करून घ्यावी, म्हणजे दात्याचा पैसा शिकवणाऱ्या माणसासाठी मोकळा राहतो.

परदेशातून मराठी माणसं गावच्या शाळेला मनापासून पैसे पाठवू पाहतात, तिथे एक गोष्ट काटेकोर पाळावी. पाठवणारा भारतीय पासपोर्टधारक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, ती परदेशी देणगी ठरते. संस्थेला परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेता येत नाही, सख्खा भाचा असला तरी. त्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी लागते, आणि त्या काळात कामावर १५ लाख खर्च झालेला लागतो. मिळालेले पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेला वाटून देता येत नाहीत. म्हणून परदेशातून देणगी घेताना पावती फाडण्याआधी पासपोर्टची प्रत मागावी. संकोच वाटतो, पण मागावी.

पैसे आले की पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात. रोकडवहीत त्या प्रकल्पाचं वेगळं खातं उघडावं. कार्यकर्त्यांना तारीख घातलेलं नेमणूकपत्र द्यावं आणि पगार बँकेतूनच द्यावा, मानधन म्हणून हातात नको. आणि उपयोगिता प्रमाणपत्राचा, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याचा नमुना दात्याकडून तेव्हाच मागून घ्यावा, म्हणजे खर्चाची शीर्षं सुरुवातीपासून त्याच क्रमाने लावता येतात. वर्षअखेरीला सीए प्रमाणपत्र देतात ते या वहीवरून. दुसरा हप्ता बहुधा पहिल्याचा मोठा भाग खर्च झाल्यावरच मिळतो, त्यामुळे अहवाल दोन आठवडे उशिरा गेला की पगारही दोन आठवडे उशिरा होतात. एका ओळीतले पैसे दुसरीकडे वळवायचे असतील तर आधी ईमेलने विचारावं. ‘हो’ आलेला ईमेल छापून फाइलला लावावा. पुस्तकांच्या पेटीवर देणाऱ्याचं नाव, वर्ष आणि अनुक्रमांक रंगवावा. पेटीच्या झाकणाच्या आत मात्र एक वही बांधावी, पुस्तक नेणाऱ्या मुलांनी स्वतःच्या हाताने नाव लिहायची. जूनमधली वाकडी अक्षरं आणि फेब्रुवारीतली सरळ रेघेवरची, दोन्ही त्याच वहीत राहतात. दाता भेटीला आला की फलकाआधी ती वही त्याच्यापुढे उघडावी.

आणि नकार आला तर? उत्तर न येणं हाही नकारच, पण त्यावर थांबू नये. तीन आठवड्यांनी फोन करावा आणि कारण विचारावं: रक्कम मोठी होती, जिल्हा चुकला, की या वर्षीचे पैसे आधीच ठरलेले होते. सांगितलेलं कारण, सांगणाऱ्याचं पद आणि तारीख एका वहीत नोंदवावी. ‘या वर्षी नाही’ असं म्हणाले असतील तर पुढच्या जानेवारीच्या पहिल्या सोमवारी, नव्या चाचणीच्या आकड्यांसह, तेच दोन पानांचं पत्र पुन्हा पाठवावं. पगाराची ओळ तशीच ठेवून.